पायपेटीजवळून : न्हाव्याची खुर्ची आणि प्रेक्षागृहातला हशा

मागच्या अंकात ‘स्वीनी टॉड’ या अमेरिकी संगीत नाटकाच्या चित्रणाबद्दल चार ओळी लिहून मी ‘मिळालं तर जरूर बघा’ एवढंच म्हटलं होतं. इतक्या जणांनी ते शोधून बघितलं आणि इतक्या तळमळीने पत्रं पाठवली, की या महिन्याचं सगळं सदर त्या एकाच नाटकाला देते आहे. पायपेटीच्या (पायाने भाता हलवून वाजवायच्या ऑर्गनच्या) भात्याची दुरुस्ती आणि जुन्या पदांच्या चाली विचारणाऱ्यांनी एक महिना थांबावं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. एकोणिसाव्या शतकातलं लंडन. एका न्हाव्याच्या देखण्या बायकोवर न्यायाधीशाचा डोळा असतो, म्हणून खोट्या आरोपाखाली न्हाव्याची रवानगी जन्मठेपेवर ऑस्ट्रेलियात होते. पंधरा वर्षांनी तो स्वीनी टॉड हे नाव घेऊन परततो. बायकोने विष घेतलं असं त्याला सांगितलं जातं, आणि मुलगी जोहाना त्याच न्यायाधीशाच्या घरात वाढते आहे. खालच्या मजल्यावर मिसेस लव्हेट मांस भरून भाजलेले पॅटिस विकते. (तिकडचा शब्द वेगळा आहे, पण आपल्याला बेकरीतलं मटण पॅटिस माहीत आहे, तेच म्हणू.) वर टॉड गिऱ्हाइकांचे गळे चिरू लागतो आणि खाली तिच्या पॅटिसच्या मांसाची ददात मिटते.

संगीत आणि गीतं स्टीफन सोंडहाइमची, संहिता ह्यू व्हीलरची, दिग्दर्शन हॅरॉल्ड प्रिन्सचं. १ मार्च १९७९ ला न्यू यॉर्कला युरिस थिएटरमध्ये ते उघडलं, ५५७ प्रयोग झाले, अमेरिकी रंगभूमीवरचे मानाचे ८ टोनी पुरस्कार मिळाले. चित्रण मात्र न्यू यॉर्कचं नाही. नाटक दौऱ्यावर निघालं तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये प्रेक्षकांसमोर ते टिपलं आणि १९८२ मध्ये टीव्हीवर दाखवलं. त्यात मिसेस लव्हेट अँजेला लॅन्सबरी आहे आणि टॉड जॉर्ज हर्न.

मी ते पहिल्यांदा १९९३ साली सांगलीच्या घरी पाहिलं. भाच्याने न्यू जर्सीहून कॅसेट आणली होती. कॅसेट अमेरिकी पद्धतीची, आमचा टीव्ही इथला. चित्र आलं, रंग आले नाहीत. रक्त मी काळं बघितलं. पुढे डीव्हीडीवर लाल बघितलं, पण अंगावर आलं ते काळंच. डोळ्यांना कमी मिळत होतं म्हणून सगळा जीव कानात गोळा झाला होता.

म. का., नाशिक : *ताई, सुनेने टीव्हीवर लावून दिलं. पहिल्या अंकाच्या शेवटी तो न्हावी आणि ती बाई, कोणत्या धंद्याच्या माणसाचं पॅटिस कसं लागेल यावर मजेत गातात. तिथले प्रेक्षक खदाखदा हसत होते आणि मीही हसले. रात्री मला जेवण गेलं नाही. आमच्या घरात गेल्याच वर्षी मृत्यू झाला आहे. मी हसले याची मला लाज वाटते. असलं हसणं बरं का?*

ताई, लाज वाटून घेऊ नका. आणि जेवण गेलं नाही, तेही ठीकच झालं. या नाटकाला तुमच्याकडून दोन्ही हवं होतं, आणि याच क्रमाने हवं होतं.

त्या गाण्याच्या आधी काय घडतं ते आठवा. न्यायाधीश स्वतःच्या पायाने येऊन खुर्चीत बसलेला आहे. टॉड त्याच्या गळ्याला फेस लावतो, वस्तरा हातात आहे, आणि दोघं मिळून बायकांच्या सौंदर्याबद्दल एक संथ, गोड गाणं गातात. आपण श्वास धरून बसतो. तेवढ्यात तो भाबडा खलाशी मुलगा, जोहानाला पळवून नेण्याचा आपला बेत मोठ्याने सांगत आत शिरतो. न्यायाधीश उठून निघून जातो. पंधरा वर्षं ज्या घटकेसाठी काढली ती हातातून गेली. मग टॉडचा तोल जातो. एका घटकेला तो बायको-मुलीसाठी हंबरडा फोडतो, दुसऱ्या घटकेला सगळं जग मरायलाच लायक आहे म्हणतो. हर्न पुढे येतो आणि थेट प्रेक्षागृहातल्या माणसांना बोलावतो: या, दाढी करून घ्या. वस्तरा आता आपल्याकडे आहे.

आणि लगेच मिसेस लव्हेट. तिच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालू आहे. वरच्या पेटाऱ्यात एक प्रेत पडून आहे, मांस महाग झालं आहे, आणि चांगला माल वाया जातो आहे. लॅन्सबरी हे एकदम सांगत नाही. अर्धं वाक्य टाकते, थांबते, डोळे फिरवते. टॉडला अजून कळलेलं नाही, आपल्यालाही नाही. मग एक वाद्यवृंदी झोका येतो आणि वॉल्ट्झ सुरू होतो. तीन-तीन मात्रांचा, आपल्या दादऱ्यासारखा झुलणारा ठेका. त्या ठेक्यावर पाय हलणार नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. पाद्री, कवी, वकील असे एकेक धंदे घेऊन ते चवींबद्दल गात जातात, आणि हसता हसता त्यात एक गोष्ट सरकवतात: वरचे खालच्यांना खातात हे तर रोजचंच आहे, आता खालचे वरच्यांना खातील.

एक मिनिटापूर्वी ज्या माणसाने तुमच्यावर वस्तरा रोखला होता, त्याच्याच बाजूला जाऊन तुम्ही बसलात. तुमच्या हसण्याने तुम्हाला तिथे नेलं. दुसरा अंक उघडतो तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड आहे आणि सगळे ‘आणखी आणा’ म्हणून ओरडत खात आहेत. त्यांच्या तोंडाकडे बघताना तुमच्या घशाशी आलं असेल, कारण तोपर्यंत तुम्हीही त्याच मेजावर होता.

म्हणूनच पडद्यावरचा तो हशा ऐकू आला हे मी तुमचं भाग्य समजते. घरात एकटीने शांततेत बघितलं असतं तर दोन विकृत माणसांचं गाणं म्हणून तुम्ही तोंड फिरवलं असतं आणि मोकळ्या झाला असता. शेकडो लोकांचं हसू तुमच्या खोलीत आलं आणि त्यात तुमचं हसू मिसळलं. चित्रण करणाऱ्यांनी हसण्याचे ते आवाज ठेवले, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

तुमच्या घरातल्या मृत्यूबद्दल एवढंच सांगते. माझे वडील वाजवायच्या पेट्या दुरुस्त करायचे. त्यांच्या तेराव्याला त्यांचे एक मित्र, सूर कुरकुरला की वडील मान तिरकी करून भात्याशी कसे बोलायचे, त्याची नक्कल करू लागले. आई पदर तोंडाला लावून हसली. तेरा दिवसांत ती रडली नव्हती. त्या हसण्यानंतर रडली. मृत्यू झालेल्या घरात हसू यायचं तसंच येतं, ताई. त्याचा मेलेल्या माणसाला राग येत नाही.

सौ. पा., कोल्हापूर (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, तिसरं वर्ष) : *काकू, मी फोनवर बघितलं, दीडपट वेगाने. पहिला अर्धा तास कंटाळा आला. चेहरे फार रंगवलेले, हातवारे मोठे, सगळं खोटं वाटतं. हे धड नाटक नाही, धड सिनेमा नाही. मग बघायचं कशाला?*

आधी वेगाचं. हे नाटक बहुतेक सगळं गायलेलं आहे. लय दीडपट केलीस तर सोंडहाइमने कुठे श्वास घ्यायला जागा ठेवली आणि कुठे ठेवली नाही, हेच हरवतं. मूळ वेगाने लाव, खोलीत अंधार कर, कानाला चांगले हेडफोन लाव. सगळं मिळून सव्वादोन तासांच्या आसपास आहे. पहिला अंक संपला की खरोखर उठ, चहा घे, कुणाशी तरी बोल, पंधरा मिनिटांनी परत बस. मध्ये कुठेही थांबवू नकोस. मध्यंतर नाटकवाल्यांनी विचार करून ठेवलेलं असतं. त्या हसऱ्या गाण्यानंतर माणसाला पाय मोकळे करावे लागतात.

आता रंगवलेले चेहरे. लॅन्सबरीच्या गालावरचे लाल गोळे आणि डोक्यावरचे दोन अंबाडे वरच्या बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेसाठी आहेत. कॅमेरा तुला तिच्या नाकापासून दोन फुटांवर नेतो, जिथे कुठल्याही थिएटरात खुर्ची नसते. त्यामुळे चेहरा अगदी जवळ आला की तिच्या हातांकडे बघ. तिचं पहिलंच गाणं घे, आपले पॅटिस लंडनमधले सगळ्यात वाईट आहेत असं सांगणारं. ती कणीक आपटते, पीठ झटकते, किडे मारते, आणि यातला प्रत्येक आवाज गाण्याच्या नेमक्या मात्रेवर पडतो. शब्द भरभर, श्वास अपुरा, आणि हात एकदाही चुकत नाहीत. मी सत्तावीस वर्षं गाणाऱ्या नटांना ऑर्गनची साथ केली. गाता गाता नुसतं निरांजन ओवाळायचं म्हटलं तरी चांगल्या चांगल्यांची सम सुटते. ती कणीक बघताना मी उठून उभी राहिले होते.

आणि ‘धड हे नाही, धड ते नाही’ म्हणालास त्याबद्दल. सोंडहाइमला हे नाटक लहान हवं होतं: अंधारं, चिंचोळं, अंगावर येणारं भयनाट्य. प्रिन्सला त्या भीतीत रस नव्हता. त्याला दिसत होती यंत्रयुगातली माणसं, कारखान्यात भरडली जाणारी. म्हणून त्याच्या नेपथ्यकाराने, यूजीन लीने, ऱ्होड आयलंडमधल्या जुन्या ओतकामाच्या कारखान्याचे खरे लोखंडी भाग आणून रंगमंचावर प्रचंड सांगाडा उभा केला. त्याच्या पोटात चाकांवरचा एक ठोकळा, खाली पॅटिसचं दुकान, वर न्हाव्याची खोली. नटच तो ढकलतात, फिरवतात. दोघं मोठी माणसं, दोघांची नाटकं वेगळी, आणि दोन्ही एकाच रंगमंचावर. थिएटरात बसलेल्याला मुख्यतः प्रिन्सचं नाटक दिसलं असणार. चित्रणात मात्र कॅमेरा जवळ गेला की सोंडहाइमचं छोटं नाटक दिसतं आणि मागे आला की प्रिन्सचा कारखाना. दोघांचं भांडण तुला घरबसल्या दिसतं, जे तिकीट काढून गेलेल्यालाही इतकं स्वच्छ दिसलं नसेल. पुन्हा बघशील तेव्हा लांबची दृश्यं सोडू नकोस. वरच्या पुलावर उभी राहून खाली बघणारी माणसं शोध.

एक चुकवू नकोस: सुरुवातीचा पडदा. मधमाश्यांच्या पोळ्याचं चित्र आहे, प्रत्येक घरट्यात समाजाचा एकेक थर. कामगार येतात आणि तो पडदा ओढून खाली पाडतात. लगेच कारखान्याचा भोंगा वाजतो, कान फाडणारा. पुढे खुनांच्या वेळीही तोच भोंगा आहे.

वि. दे., अकोला : *ही खरी घटना आहे का? माझा मित्र शपथेवर सांगतो की लंडनला ते दुकान होतं.*

असा माणूस होऊन गेल्याचा कोणताही पुरावा नाही. १८४६-४७ मध्ये लंडनच्या एका स्वस्त साप्ताहिकात १८ भागांची कादंबरी आली, त्यात हा न्हावी पहिल्यांदा भेटतो. १८४७ मध्येच तिच्यावर नाटकही झालं. तिथे टॉड निव्वळ लोभापायी मारतो. त्याला अन्यायाची पार्श्वभूमी आणि सूडाचं कारण दिलं ते क्रिस्टोफर बाँड या इंग्रज नाटककाराने, १९७० च्या सुमारास. सोंडहाइमने त्याचं नाटक १९७३ साली लंडनमध्ये पाहिलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मित्राला सांगा, शपथ घेऊ नये.

ग. ना. जो., मिरज (वय ७६) : *आयुष्यभर संगीत नाटकं ऐकली. आपल्या सांगण्यावरून हे दोनदा बघितलं. एकही पद ओठांवर आलं नाही. तान नाही, आलाप नाही, राग तर नाहीच. याला संगीत नाटक का म्हणायचं?*

काका, आपण दोनदा बघितलंत हेच मला फार मोठं वाटलं. आपला प्रश्न माझाही होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (ज्यांनी नाटक अजून बघितलेलं नाही त्यांनी हे उत्तर नंतर वाचावं. शेवटचं रहस्य यात आहे.)

आपल्याकडे पद सुरू झालं की गोष्ट थांबते. भाव फुलतो, गायक रमतो, वन्समोअर येतो, पुन्हा तेच पद पहिल्यापासून. मी कितीदा तरी मृत्युशय्येवरच्या नायिकेला वन्समोअरसाठी साथ केली आहे आणि त्यात मला कधी काही खटकलं नाही, कारण तो करार प्रेक्षकांना मान्य होता. ‘एकच प्याला’ घ्या. १९१९ सालचं नाटक. घर दारूत बुडतं, बापाच्या हातून तान्हं मूल जातं, सिंधू जाते, शेवटी सुधाकरही विष घेतो. याहून काळं काय असायचं? पण वाटणी बघा: सिंधू गाते आणि सुधाकर बोलतो. बालगंधर्वांच्या वाट्याला पदं, गणपतराव बोडसांच्या वाट्याला गद्य. करुण ते पदात आणि भीषण ते गद्यात, अशी आपली रीत पडून गेली.

सोंडहाइमने भीषणच गाण्यात घातलं. दुसऱ्या अंकात टॉड मुलीच्या आठवणीत गातो तो प्रवेश पुन्हा बघा. चाल हळुवार आहे, जवळजवळ अंगाईसारखी. आता तिचा चेहरा आपल्याला कधी दिसणार नाही, हे तो स्वतःला समजावतो आहे. आणि गाता गाता एकामागून एक गिऱ्हाइकाचा गळा चिरतो, खुर्चीचा खटका दाबतो, माणूस खाली जातो. गाण्याची लय हलत नाही. टॉडचं लक्षच नाही त्या मारण्याकडे, सकाळी अंगण झाडताना बाई गुणगुणते तसं चाललं आहे. एक गिऱ्हाईक बायकोला आणि लहान मुलीला घेऊन येतं. त्याची तो नुसती दाढी करतो आणि जाऊ देतो. एक शब्द नाही त्यावर. इथे तान घेतली असती तर गाणाऱ्याला स्वतःच्या दुःखाची जाणीव आहे असं झालं असतं. टॉडला तेवढीही जाणीव उरलेली नाही.

राग नाही म्हणालात, पण सूत्र आहे, आणि ते फार जुनं आहे. कॅथलिक चर्चमध्ये मृतांसाठीच्या प्रार्थनेत शतकानुशतकं गायलं गेलेलं एक लॅटिन स्तोत्र आहे, कयामतीच्या दिवसाचं. ते असं सुरू होतं: कोमल गंधार, ऋषभ, कोमल गंधार, षड्ज. चारच सूर. पायपेटीवर सावकाश वाजवून बघा, अंगावर काटा येईल. सोंडहाइमने हे स्वर उलटेपालटे करून, ओढून-ताणून नाटकभर पेरले आहेत. समूह टॉडचा पोवाडा गातो त्यात ते अगदी जवळ येतात.

आणि ती वेडी भिकारीण. ती पहिल्याच प्रवेशात येते, भीक मागते, मधेच अश्लील बोलते, टॉडकडे निरखून बघते. थोड्या वेळाने मिसेस लव्हेट पंधरा वर्षांपूर्वीची हकिगत सांगते: न्यायाधीशाच्या घरचा मुखवट्यांचा नाच, आणि तिथे टॉडच्या बायकोवर झालेला अत्याचार. त्या नाचाला जी तालेवार चाल वाजते ती त्या भिकारणीच्या गाण्यातूनच काढलेली आहे. म्हणजे ती भिकारीण टॉडची बायको आहे हे संगीताने आपल्याला पहिल्या अंकातच सांगितलेलं असतं. आपल्याला ऐकू येत नाही, टॉडलाही येत नाही. शेवटी तिचा गळा चिरल्यावर उजेडात तिचा चेहरा त्याला दिसतो. मला हे चौथ्यांदा बघताना उमगलं आणि मी तशीच टीव्ही बंद करून ओट्याशी जाऊन उभी राहिले.

ओठांवर येणारं पद हवं असेल तर तो पोरगा, टोबायस, मिसेस लव्हेटला ‘मी आहे तोवर तुला कुणी काही करणार नाही’ अशा अर्थाचं गातो, ते ऐका. केन जेनिंग्ज गातो, न्यू यॉर्कलाही त्यानेच ही भूमिका केली होती. ज्या बाईचं रक्षण करायचं म्हणतो तीच त्याच्या जिवावर उठणार आहे, हे तिला त्या गाण्यातच कळत जातं. फक्त लॅन्सबरीचा चेहरा बघा. इथे मात्र कॅमेरा जवळ गेला ते बरं केलं.

स्मि. ग., डोंबिवली : *मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला बघायचं आहे. दाखवू का? की याच नाटकावरचा २००७ चा चित्रपट दाखवू?*

चित्रपट तर नकोच. त्याला अमेरिकेत ‘आर’ (सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच बघायचं) आणि ब्रिटनमध्ये १८ वर्षांवरचं प्रमाणपत्र होतं. तिथे रक्त फार जवळून आणि खरं वाटेल असं आहे, आणि समूहाचा पोवाडा काढून टाकला आहे, त्यामुळे ही सांगितलेली गोष्ट आहे हा आधारही जातो.

रंगमंचावरच्या चित्रणातलं रक्त मुलगा पचवेल. वस्तऱ्यातून रंग येतो हे त्याला समजतं. मला काळजी आहे ती मुखवट्यांच्या नाचाच्या प्रवेशाची. माझं मत विचाराल तर दोन-तीन वर्षं थांबा आणि मग शेजारी बसून बघा. त्याला एकट्याला लावून देऊ नका. तिकडे शाळांमध्ये करण्यासाठी या नाटकाची सौम्य केलेली आवृत्तीसुद्धा आहे, यावरून मुलांना ते किती ओढ लावतं हे लक्षात येईल.

अ. कु., पुणे : *आपल्याकडे असं काही आहे का?*

आहे, आणि ते सात वर्षं आधीचं आहे. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला तुमच्याच पुण्यात, भरत नाट्य मंदिरात झाला. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. दोन्ही नाटकं शेजारी ठेवून बघा. परगावचा माणूस, खोटा आळ, अपमान, सूड, आणि सूडाच्या मध्ये मुलगी. टॉड जोहानासाठी म्हणून सगळं करतो आणि एका क्षणी, मुलाच्या वेषात असलेल्या तिच्याच गळ्याला वस्तरा लावतो, न ओळखता. घाशीराम कोतवालीसाठी आपल्या मुलीला, गौरीला, नाना फडणवीसांच्या हवाली करतो, पूर्ण ओळखून. मला घाशीराम जास्त भयंकर वाटतो. टॉडला निदान कळलेलं नसतं.

तिथे समूहाचा पोवाडा, इथे ब्राह्मणांची भिंत. ती माणसांची भिंत नाचते, कीर्तन करते, लपवते, उघडं पाडते आणि वेळ आली की पाठ फिरवते. अभंगाच्या चालीवर व्यभिचार चालू असतो आणि आपले हात टाळी द्यायला उठतात. नाशिकच्या ताईंना जे हसण्याचं झालं तेच मला भरतमध्ये टाळीचं झालं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, माझ्या उजव्या हाताला एक काका बसले होते, आणि टाळी अर्ध्यावर थांबवून त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, ते मला आजही दिसतं.

एक हौशी नाट्यमंडळ, रत्नागिरी : *राज्य नाट्य स्पर्धेतलं आमचं संगीत नाटक टिपून ठेवायचं आहे. दोन कॅमेरे मिळतील. स्वीनी टॉडच्या चित्रणातून काय घेता येईल?*

प्रेक्षकांसमोर टिपा. रिकाम्या थिएटरात सोयीचं पडतं, पण नटांच्या विरामांना उत्तर मिळत नाही आणि ते विराम मेलेले दिसतात. एक कॅमेरा मधोमध मागे पक्का ठेवा, त्यात कायम अख्खा रंगमंच राहू दे. दुसरा नटांबरोबर हलू दे. जोडताना समूह गात असेल तर पक्क्या कॅमेऱ्याकडे या. कोण कोणाकडे बघतं आहे हे नाटकाचं अर्धं बोलणं असतं.

चित्रापेक्षा आवाजावर खर्च करा. एक माईक प्रेक्षकांकडे तोंड करून लावा. खोकला येईल, खुर्ची कुरकुरेल, येऊ द्या. हशा आणि तो हशा विरतानाची शांतता मिळवण्याचा दुसरा मार्ग नाही. ऑर्गन आणि तबल्याला स्वतंत्र माईक हवेतच. आमच्या एका नाटकाचं २००२ साली चित्रण झालं. टिपणाऱ्यांनी सगळे माईक नटांना दिले आणि प्रेक्षकांचा आवाज नंतर पुसून टाकला. आज ते लावलं की विंगेच्या कडेला मी दिसते, माझे पाय पायट्यांवर हलताना दिसतात, आणि सूर नाही. माझ्या शेजारी ज्यांनी तबला वाजवला ते आता नाहीत. त्यांच्या हाताचा त्या नाटकातला एकही बोल कुठे उरलेला नाही.

आणि पडदा पडला म्हणून लगेच बंद करू नका. स्वीनी टॉडच्या शेवटी मेलेली माणसं उठून पुन्हा पोवाडा गातात, प्रेक्षकांकडे बोट दाखवतात, सगळे गेल्यावर टॉड एकटा उरतो आणि प्रेक्षकांच्या तोंडावर लोखंडी दार आपटतो. नमस्कार त्यानंतर आहेत. तुमच्या नमस्कारांना नेपथ्य ढकलणाऱ्या पोरांना, लाइटवाल्याला आणि साथीदारांना पुढे बोलवा, आणि प्रत्येकाचा चेहरा नीट दिसेपर्यंत कॅमेरा चालू ठेवा.